लहान लेथ, मोठी लबाडी

दोन टनांचा लेथ एक दशांश मापात बनवला, तर त्याचं वजन दोनशे किलो भरत नाही, दोन किलो भरतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापटीने घटतात, म्हणून वजन हजारपटीने. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवायला हे सोयीचंच. पंचाईत होते ती छंदी कारागिराने ‘हा नुसता दिसायला नाही, चालतोसुद्धा’ असं म्हणायचं ठरवल्यावर.

सुटे भाग घडवणं कष्टाचं आहे, पण अशक्य नाही. मोठ्या लेथच्या गिअरचं मॉड्यूल 2 असेल तर दाताची खोली साडेचार मिलिमीटर. प्रतिकृतीत ती अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते. 6 मिलिमीटर पिचच्या लीडस्क्रूवर आता 0.6 मिलिमीटर पिचचे आटे पाडायचे. एम-12 बोल्टच्या जागी एम-1.2, म्हणजे घड्याळजीच्या डबीतला स्क्रू. रंगसुद्धा गोत्यात आणतो. 50 मायक्रॉनचा थर मोठ्या यंत्रावर जाणवत नाही. या मापात तो मूळ लेथवर अर्धा मिलिमीटर जाड लेप दिल्यासारखा दिसतो आणि बिडाच्या कडा पार बुजतात.

खरी परीक्षा टूल जॉबला लागतं तेव्हा. गणित आधी दिलासा देतं. प्रत्येक माप दहापटीने घटलं की बेडचा आणि स्पिंडलचा ताठपणाही दहापटीने घटतो. पण कटची खोली आणि फीड दोन्ही दहापटीने कमी केले, तर कापायला लागणारा जोर शंभरपटीने उतरायला हवा. म्हणजे यंत्र जितकं वाकेल, ते त्याच्या आकाराच्या मानाने पूर्वीइतकंच. हिशेब जुळला म्हणायचा.

पण तो जुळत नाही, कारण टूलची धार लहान होत नाही. मोठ्या लेथवर 0.2 मिलिमीटर फीड असेल तर प्रतिकृतीवर तो 20 मायक्रॉन. नीट पाजवलेल्या टूलची कडही सूक्ष्मदर्शकाखाली गोल दिसते, आणि ती गोलाई सहज पाच-दहा मायक्रॉनची असते. चिप इतकी पातळ झाली की टूल कापण्यापेक्षा दाबू आणि घासू लागतं, बोथट विळीवर पिकलेला टोमॅटो धरावा तसं. जोर शंभरपटीने काही उतरत नाही. बिचारा लेथ कुरकुरतो, थरथरतो आणि जॉबवर लाटा उमटवतो.

बेअरिंगमधल्या फटीचंही तेच. स्पिंडलला 20 मायक्रॉन मोकळीक चालत असेल, तर प्रतिकृतीत ती 2 मायक्रॉन हवी. घरच्या वर्कशॉपमध्ये ती 10 वर आणली तरी शाबासकी द्यावी, पण तेवढ्यानेही मूळ लेथचा स्पिंडल एक दशांश मिलिमीटर खुळखुळावा तशी अवस्था होते. वेगाची गोष्ट वेगळीच. पोलादासाठी मिनिटाला 30 मीटर कटिंग स्पीड धरला, तर 30 मिलिमीटरच्या जॉबला सुमारे 320 फेरे पुरतात. 3 मिलिमीटरच्या जॉबला 3200 लागतात. इथे कमी करायचं नसून वाढवायचं असतं.

म्हणून चालणारी प्रतिकृती बनवणारे लबाडी करतात, आणि माझ्या मते ती करायलाच हवी. हेडस्टॉकच्या आत, जिथे कुणाची नजर पोचत नाही, तिथे स्पिंडल मापापेक्षा जाड ठेवायचा. तयार बॉल बेअरिंग बसवायचं. मोटर पायाच्या पेटीत दडवायची. आणि कापून दाखवायचं ते शिसं मिसळलेलं पितळ. ते कमी जोरात कापलं जातं आणि त्याची चिप आपोआप तुटते. फूटपट्टी घेऊन आत डोकावणाऱ्या पाहुण्याला चहाला बसवावं.

लबाडी न करता लहान लेथ बनतो का? बनतो, पण मग तो लेथसारखा दिसत नाही. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मेकॅनिकल इंजिनिअरिंग लॅबोरेटरीने 1996 मध्ये एक लेथ तयार केला: लांबी 32 मिलिमीटर, रुंदी 25, उंची 30.5, वजन फक्त 100 ग्रॅम. दीड वॅटची मोटर, मिनिटाला 10,000 फेरे. त्यावर पितळ कातताना गोलाईतली चूक 2.5 मायक्रॉन निघाली. त्यात ना लीडस्क्रू, ना हातचाकं. विजेचा दाब दिला की किंचित ताणले जाणारे पीझो स्फटिक धर, ताण, सोड अशा पावलांनी टूल पुढे सरकवतात. मोठ्या यंत्राची नक्कल सोडून दिली, म्हणून हा लेथ काम करू शकला. कपाटात ठेवला तर मात्र कुठल्याही टर्नरला तो ओळखू येणार नाही.

पुढे त्याच मंडळींनी हा लेथ, चिमुकलं मिलिंग मशीन, प्रेस आणि यंत्रहात सुटकेसमध्ये बसवून फिरता कारखाना उभा केला. त्या सुटकेसचं वजन 34 किलो. त्यात लेथ शंभर ग्रॅमचा. बाकी इतर यंत्रं, कॅमेरे, पडदा आणि ती चालवायची जॉयस्टिक.