कोयत्याची मूठ आणि कोयत्याचे म्यान

ऊसतोडीच्या मुलखात कोयता हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक अर्थ लोखंडाचा, दुसरा माणसांचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ आणि एकटा गडी म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि हिशेब होतो तोही कोयत्यावर. ज्या व्यवहारात माणसाला हत्याराचे नाव मिळाले, त्यात खुद्द हत्याराकडे मात्र कोणी पाहत नाही. मूठ कोणाच्या हाताच्या मापाने घडवली, वाटेत पाते कशाने झाकले, हे करारात येत नाही. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम लहान घेतला आहे: बाजारातून आणलेला कोयता, किंवा रानात वापरायची कोणतीही न मिटणारी सुरी, घरच्या घरी आपल्या हाताजोगी कशी करावी, आणि तिला म्यान कसे करावे.

प्रथम पात्याचा विचार करू. गावचा लोहार पुष्कळदा मालमोटारीच्या जुन्या पाट्याचे पोलाद वापरतो. पोलाद लाल तापवून एकदम थंड केले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलकेच तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. या सगळ्याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. घासून चकचकीत केलेले पोलाद तापू लागले की सुमारे २२० अंश सेल्सियसला त्यावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. लोहाराचा उष्णतामापक हाच.

यातून घरी काम करणाऱ्याने एक नियम घ्यावा. विजेच्या सहाणेवर पाते घासताना धार निळी पडली, तर तेथले पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग घासून काढणे किंवा लोहाराकडून नव्याने पाणी देऊन घेणे, एवढेच उपाय उरतात. म्हणून दोन-तीन सेकंद घासावे आणि पाण्यात बुडवावे. पाते उघड्या बोटांना सोसवेना झाले की थांबावे. घाई नसेल तर कानस आणि निसणा बरा. त्याने पाणी उतरत नाही. सहाणेवर काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

धारेचा कोन ठरवायला यंत्र लागत नाही. पाते ३ सेंटिमीटर रुंद असेल आणि निसण्यावर धरताना त्याची पाठ १ सेंटिमीटर उचलली, तर कोन सुमारे २० अंशांचा होतो. काड्या तासण्याच्या व दोर कापण्याच्या सुरीला तो पुरतो. कोयत्याला मात्र घाव सोसायचा असतो, म्हणून रुंदीच्या निम्म्याच्या थोडे आतच पाठ उचलावी, म्हणजे कोन २५ ते ३० अंशांमध्ये राहतो. फार बारीक धार पहिल्या दिवशी मिरवते आणि दुसऱ्या दिवशी दुमडते.

आता मूठ. बाजारी मूठ बहुधा एकाच मापाची असते, आणि ते माप पुरुषाच्या पंजाचे असते. मूठ धरली असता बोटांची टोके तळहाताला जेमतेम भिडावीत, हे योग्य माप. मूठ जाड असेल तर बोटे अर्ध्यात राहतात, पकड सुटू नये म्हणून माणूस जास्त जोर लावतो, आणि संध्याकाळी मनगट दुखते. मोळी बांधणाऱ्या आणि वेळेला ऊस तोडणाऱ्या बाईच्या हाती नवऱ्याच्या मापाचा कोयता येतो, तेव्हा हेच घडते. उपाय आठ आण्यांचाही नाही. कानशीने किंवा काचेच्या तुकड्याने, हात जपून, लाकूड तासावे आणि पॉलिश कागदाने गुळगुळीत करावे. मूठ गोल ठेवू नये, अंड्यासारखी लांबट ठेवावी. गोल मूठ घामट हातात फिरते आणि धार कोठे तोंड करून आहे ते हाताला कळत नाही. शेवटी थोडे बोंड राखावे, म्हणजे घावाच्या झोकात कोयता हातातून निसटत नाही.

मूठ नवीन करायची तर बाभळीचे वाळलेले लाकूड उत्तम. ओले लाकूड पुढे आकसते आणि मूठ खुळखुळते. मुठीत जाणारे पात्याचे शेपूट सैल झाले असेल तर भोकात लाख वितळवून ते बसवावे, किंवा दोन भागांचे एपॉक्सी भरून एक दिवस हलवू नये. शेपूट तापवून बसवण्याची रीत असेल तर पात्याला ओले फडके गुंडाळावे, नाहीतर उष्णता धारेकडे चढते. तोंडाशी शेंबी घट्ट हवी, कारण लाकूड चिरते ते तेथूनच. मुठीला चकाकी देणारे व्हार्निश लावू नये. ते घामात निसरडे होते. जवसाचे तेल दोन-तीन वेळा चोळावे. मात्र तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून मगच टाकावीत.

राहिले म्यान. कोल्हापुरी चपलेसारखे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे घ्यावे. आधी कागदाचा नमुना कापावा. शिवणीच्या आतल्या बाजूला, दोन पदरांच्या मध्ये, चामड्याची एक अरुंद पट्टी घालावी. हिच्यावर म्यानाचे आयुष्य उभे आहे: धार दोऱ्याला न लागता पट्टीला लागते. आरीने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवण घालावी. मग चामडे भिजवून, तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पाते आत घालून, बोटांनी दाबून आकार द्यावा आणि सावलीत वाळवावे. टोकाशी पाणी निथळायला भोक ठेवावे. म्यान उलटे धरून हलवले असता हत्यार पडता कामा नये. पावसाळ्यात पाते म्यानात मुरत ठेवू नये. खोबरेलाचा हात फिरवून बाहेर ठेवावे.

चामडे परवडत नसेल तर पी.व्ही.सी. नळी उभी चिरून, कढत पाण्यात मऊ करून चपटी करावी. ती जाळावर धरू नये, कारण जळताना तिच्यातून विषारी आम्ल वायू सुटतो.

एक सावधगिरी कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याने केवळ घरगुती वा शेतीच्या कामासाठी केलेल्या वस्तू ‘शस्त्र’ या व्याख्येतून वगळल्या. पण हल्ल्यासाठी घडवलेली किंवा तसा बदल केलेली वस्तू व्याख्येत येते. म्हणून हौसेने दुसरी धार काढू नये, टोक भाल्यासारखे करू नये. अवजार अवजारच राहू द्यावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत, पुढच्या दुरुस्त्यांनंतर, हाताचा अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीचा तोटा ३० टक्के धरलेला होता. अंगठ्याची ही किंमत कायद्याने केली. पण भरपाई मिळण्यापूर्वी मजूर कोणाचा, हे सिद्ध करावे लागते, आणि मुकादम व कारखाना एकमेकांकडे बोट दाखवतात. दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत संसाराची गाठोडी चढतात, गाठोड्यांवर पोरे झोपतात, आणि त्याच गाठोड्यांत उघडा कोयता असतो. वीतभर चामडे तेथे जे राखते, ते भरपाईने परत येत नाही.

म्हणून माझे सांगणे दोन प्रकारचे आहे. घरी बसून एका दुपारी मूठ तासा, म्यान शिवा. त्यासाठी कोणाची परवानगी नको. आणि पुढच्या हंगामाच्या बोलणीत दराबरोबर एक ओळ मागा: प्रत्येक हाताला त्याच्या मापाचे हत्यार, आणि प्रत्येक हत्याराला म्यान, हंगाम घेणाऱ्याच्या खर्चाने. जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजणाऱ्यांना निदान हे मान्य करावे लागेल, की त्या एका कोयत्याला हात चार असतात.