‘ट्रेनिंग झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

श्रोतेहो, ‘ट्रेनिंग’ हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. आमच्या वारणानगरच्या एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभे राहा, तो हमखास कानावर पडेल. ‘थोरला ट्रेनिंगला पुण्याला गेलाय.’ ‘अंगणवाडीच्या बाई आज नाहीत, त्यांचं ट्रेनिंग आहे.’ ‘मास्तरांना निवडणुकीचं ट्रेनिंग लागलंय.’ शब्द सगळ्यांना कळतो, पण त्याचा अर्थ काय, हे सांगायची वेळ आली की आपण थोडे अडखळतो. मी इथं बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. त्या अनुभवावरून आज या एकाच शब्दाविषयी बोलणार आहे.

मूळ लॅटिन क्रियापद आहे ‘त्राहेरे’, म्हणजे ओढणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘ट्रेन’ आलं. डब्यांची ओढत नेलेली रांग ती ट्रेन. आणि हंगामात आमच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर हाही त्याच कुळातला. मग ओढण्यातून शिकवणं कुठून आलं? ते आलं बागेतून. वेलीला हळूहळू ओढून, बांधून, हव्या त्या दिशेला वाढवणं, यालाही इंग्रजीत ‘ट्रेन’ करणं म्हणतात. पुढं सोळाव्या शतकाच्या सुमारास हाच शब्द माणसांना लागू झाला.

आता गंमत बघा. यासाठी आपल्याकडं अस्सल मराठी शब्द आधीपासून आहे, ‘वळण लावणं’. वेलीला वळण लावतात, मुलांना वळण लावतात, अक्षरालाही वळण असतं. ‘प्रशिक्षण’ हा शब्द शासकीय कागदासाठी ठीक आहे. पण ट्रेनिंगचा गाभा समजून घ्यायचा, तर ‘वळण’ अधिक जवळचं आहे. वळण एका दिवसात लागत नाही आणि नुसतं सांगून तर मुळीच लागत नाही.

दुसरा शब्द तर कोल्हापूरकरांच्या जिभेवरच आहे, ‘तालीम’. हा मूळ अरबी शब्द. ‘इलम’ आणि ‘मालूम’ ही त्याची भावंडं. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी जी शिक्षणपद्धती मांडली, तिला ‘नई तालीम’ म्हणतात ते याच अर्थानं. मराठीत मात्र या शब्दानं अंगाला माती लावून घेतली. आपली तालीम म्हणजे आखाडा, जशी गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम. नाटकवाल्यांनीही तो घेतला, प्रयोगाआधी तालीम होते. म्हणजे शिक्षण या अर्थाचा शब्द आपण घेतला आणि त्याचा अर्थ केला ‘पुन्हापुन्हा करून अंगी बाणवणं’. आपल्या भाषेचं हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं.

यावर खाशाबा जाधवांचं उदाहरण बोलकं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला हा मल्ल. मातीतली कुस्ती पुरी मुरलेली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र कुस्ती गादीवर होती, नियम वेगळे होते. तिथं त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराचं मार्गदर्शन मिळालं आणि ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ताकद आणि डाव मातीनं दिले होते. गादीसाठी वळण नवं लावावं लागलं. आधी तालीम नसती, तर त्या ट्रेनिंगला धरायला काही नव्हतं.

आता थोडं वापराविषयी, कारण मुलाखतीत आमची मुलं इथंच अडतात. ‘ट्रेनर’ म्हणजे शिकवणारा, ‘ट्रेनी’ म्हणजे शिकणारा. ‘एम्प्लॉयर’ आणि ‘एम्प्लॉयी’ ही जोडी लक्षात ठेवली की गोंधळ होत नाही. एखाद्या विषयातलं प्रशिक्षण असेल तर ‘ट्रेन्ड इन’, एखाद्या पेशाचं असेल तर ‘ट्रेन्ड ॲज’, आणि स्पर्धेची तयारी चालू असेल तर ‘ट्रेनिंग फॉर’. शिवाय ‘ट्रेनिंग’चं सहसा अनेकवचन करत नाहीत. ‘थ्री ट्रेनिंग्ज’ म्हणण्यापेक्षा ‘थ्री ट्रेनिंग प्रोग्रॅम्स’ म्हणावं.

पण सगळ्यांत महत्त्वाचा फरक आहे ‘ट्रेन्ड’ आणि ‘लर्न्ट’ यांतला. ‘आय वॉज ट्रेन्ड’ म्हणजे मला कुणीतरी प्रशिक्षण दिलं. ‘आय लर्न्ट’ म्हणजे मी शिकलो. पहिलं घडलं म्हणून दुसरं घडतंच असं नाही. आणि पहिलं न घडताही दुसरं घडू शकतं.

हा नुसता व्याकरणाचा मुद्दा नाही. मध्यंतरी आमच्या शेजारचे एक मामा एका कार्यालयाचा अर्ज घेऊन माझ्याकडं आले. मामा गुळव्या आहेत. गुऱ्हाळात काहिलीतला रस कधी उतरवायचा, हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो गुळव्या. थोडं आधी उतरवलं तर ढेप बसत नाही, थोडा उशीर झाला तर गूळ करपतो. मामा उकळीचा रंग बघतात, थेंब गार पाण्यात टाकून गोळी चिमटीत धरतात आणि सांगतात. अर्जात रकाना होता, ‘घेतलेले प्रशिक्षण’. मामा म्हणाले, “सर, निरंक लिहा.” चाळीस वर्षांचं कसब आणि कागदावर निरंक! माझा पेन तिथंच थांबला.

अशा माणसांसाठी २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत एक वाट निघाली. आधीच अंगी असलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र द्यायचं. तिचं इंग्रजी नाव नीट ऐका, ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’. त्यात ‘ट्रेनिंग’ नाही, ‘लर्निंग’ आहे. नाव देणाऱ्यानं शब्द नेमका निवडला. मी मामांच्या त्या रकान्यात लिहिलं, ‘प्रशिक्षण नाही, गुऱ्हाळात काम करून शिकलो, अनुभव ४० वर्षे.’

याचा अर्थ ट्रेनिंग नको असा नाही. तात्यासाहेब कोरे यांनी इथल्या माळावर सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा यंत्रावर उभं राहायला शेतकऱ्यांच्या मुलांना शिकावंच लागलं. १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला आणि वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांसाठी संगणकाचं जाळं उभं राहिलं. उसाची नोंद, वजन, बिल ही माहिती गावात मिळावी हा हेतू. पुढच्याच दशकात मोबाइलवरच्या एसएमएसनं तीच माहिती मिळवण्याचा प्रयोग इथं झाला. म्हणजे कालचं यंत्र मागं पडलं. ज्याला फक्त कळ दाबायचं ट्रेनिंग मिळालं होतं, त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्याला नोंद कशी ठेवायची, आकडा कसा पडताळायचा हे कळलं होतं, त्याला नुसतं नवं वळण पुरलं.

तेव्हा श्रोतेहो, उद्या घरातलं कुणी ट्रेनिंग संपवून आलं, तर ‘सर्टिफिकेट दाखव’ म्हणण्याआधी ‘काय करता यायला लागलं?’ असं विचारा. आणि एखादा अर्ज भरताना प्रशिक्षणाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहायची वेळ आली, तर जरा थांबा. आपण काय शिकलो आणि कुठं शिकलो, ते शेजारी एका ओळीत जरूर लिहा.