पेंढा पोटभर, मग दूध कुठं जातं?

तर झालं असं. फेब्रुवारीत पनवेल तालुक्यातल्या एका गोठ्यावर शेणाचे नमुने घ्यायला गेले होते. गोठ्यातल्या काकी म्हणाल्या, "शेण तपासा हो, पण एवढं सांगा. गाय पेंढा पोटभर खाते, मग दूध कुठं जातं?" माझ्या थिसिसचा अख्खा प्रश्न बाईंनी एका वाक्यात विचारला!

उत्तर गाईच्या कोठीपोटात आहे. मोठ्या गाईचं कोठीपोट शंभर लिटरच्याही वर भरतं आणि त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. पेंढ्यातला सेल्युलोज गाय स्वतः पचवत नाही, हे जीव पचवतात. त्यातून निघणाऱ्या अॅसिटिक आम्लातून दुधाचं फॅट बनतं. प्रोपिओनिक आम्लापासून ग्लुकोज, त्यापासून दुधातली साखर, आणि दूध किती निघणार हे बरंचसं त्या साखरेवर ठरतं. म्हणजे आपण आधी गाईला नाही, या जिवांना जेवू घालतो.

आता या जिवांना नायट्रोजन लागतो. चाऱ्यात साधारण ७ टक्के प्रथिनं नसतील तर ते मंदावतात. भाताच्या पेंढ्यात असतात जेमतेम ३ ते ५. वर सिलिका भरपूर, त्यामुळे पचन आणखी अवघड. (गंमत म्हणजे इतर पिकांत पानं काडीपेक्षा पचायला सोपी, भातात मात्र उलटं, कारण सिलिका पानात जास्त.) पेंढा कोठीपोटात रेंगाळतो, जागा अडवतो, गाय खाणं कमी करते. पोट भरलेलं दिसतं, पण जीव उपाशी.

इथे आपला वाल कामाला येतो. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर येणारं हे पीक आपल्याला पोपटीपुरतं आठवतं, पण ऑस्ट्रेलियात १९६२ साली केनियातून आणलेलं 'रोंगाई' नावाचं वालाचं वाण खास चाऱ्यासाठी दिलं गेलं. वालाच्या हिरव्या पाल्यात पेंढ्याच्या कितीतरी पट प्रथिनं असतात. तो मिसळला की जिवांना नायट्रोजन मिळतो, आणि गंमत अशी की तोच पेंढाही मग जास्त पचतो.

हे सांगितल्यावर काकी हसल्या. "वाल गाईला घालू, मग विकू काय?" बरोबरच आहे. कडव्या वालाला चांगला भाव येतो. दाणा पूर्ण वाळेपर्यंत थांबलं तर पानं गळतात आणि उरतात नुसत्या काड्या. म्हणून माझं मत असं, की विकायचा वाल तसाच ठेवा. कडेची एखादी पट्टी चाऱ्यासाठी दाट पेरा आणि फुलोऱ्यात कापा. पाणी असेल तर चवळी-मका.

फक्त कोवळा पाला उपाशी पोटी ढीगभर घालू नका, पोट फुगतं. आधी थोडा पेंढा, मग सुकत टाकलेला पाला, आणि प्रमाण आठवडाभरात हळूहळू वाढवायचं. जिवांनाही नव्या जेवणाची सवय व्हायला वेळ लागतो.