नाथसागरावरचे पाहुणे : जात एक, पण गाव एकच का?



हिवाळा लागला की आपल्या शाळांच्या सहली पैठणला जातात. जायकवाडीचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे मुलं हमखास विचारतात, "हे पक्षी आले कुठून?" 'परदेशातून' एवढ्या उत्तरावर मात्र थांबू नका.

पट्टकादंब हंस घ्या. डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून लगेच ओळखू येतो. मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तान अशा दूरदूरच्या भागांत त्याची वीण होते. म्हणजे हिवाळ्यात एकाच काठावर चरणारे दोन हंस एकाच समूहातले असतीलच असं नाही.

आपल्या मराठवाड्यातल्या मुलांना हे ऊसतोडीवरून पटकन कळतं. एकाच कारखान्यावर बीडची टोळी असते, जालन्याचीही असते. कोप्या शेजारी-शेजारी. पण हंगाम संपला की प्रत्येक टोळी आपापल्या गावी. सोयरिकीही बहुतेक तिकडच्याच. शास्त्रज्ञ पक्ष्यांबद्दल हेच विचारतात : जोडी कोणाशी जुळते आणि पिल्लं कुठे होतात? ज्यांची वीण मुख्यतः आपसात होते, तो एक समूह, म्हणजेच 'पॉप्युलेशन'.

हंसांची कुटुंबं एकत्र प्रवास करतात, पिल्लं आई-वडिलांसोबत वाट शिकतात. त्यामुळे समूहांचं वेगळेपण टिकतं. बऱ्याच बदकांचं उलटं असतं. त्यांच्या जोड्या हिवाळ्यातच जुळतात आणि नर मादीमागे तिच्या मुलखात जातो. अशा वेळी समूह मिसळतात, सीमारेषा पुसट होते.

मग हे ओळखायचं कसं?

१. कडी : पायात क्रमांकाची कडी घालतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम १९२७ मध्ये सुरू केलं.
२. गळपट्टा आणि ट्रान्समीटर : मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकादंब भारतात दिसले आहेत.
३. पीस : पाण्यातल्या जड-हलक्या हायड्रोजनचं प्रमाण प्रदेशानुसार बदलतं. पीस जिथे उगवतं, तिथली खूण त्यात उतरते.
४. डीएनए : नातं किती जवळचं, हे यातून समजतं.

एवढी उठाठेव कशासाठी? सायबेरियन क्रौंच पाहा. चीनच्या पोयांग सरोवरावर ते आजही हजारोंनी हिवाळा काढतात. पण राजस्थानातल्या भरतपूरला येणारा समूह वेगळा होता. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तो तिथे दिसलाच नाही. जात शिल्लक आहे, पण भरतपूरची वाट माहीत असलेले पक्षीच उरले नाहीत. चीनचे क्रौंच ती जागा आपोआप भरून काढत नाहीत.

पाणथळींचं महत्त्वही यावरून ठरतं. रामसर कराराच्या एका निकषानुसार, पाणपक्ष्यांच्या एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एका समूहातले निदान १ टक्का पक्षी जिथे नियमित येतात, ती जागा जागतिक महत्त्वाची. आपल्याच गोदावरीवर, वरच्या अंगाला असलेलं नांदूर मध्यमेश्वर २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं.

शतमान शिकवताना वर्गात हे उदाहरण जरूर द्या : एका तलावावर ३०० हंस आहेत. समूह १,००,००० चा धरला तर तलाव निकषात बसतो का? आणि तोच समूह खरं तर २०,००० चा निघाला तर? पहिलं उत्तर 'नाही', दुसरं 'हो'. हंस तेवढेच, तलावही तोच. समूहाची रेघ कुठे ओढली, यावर त्या तलावाचं रक्षण अवलंबून असू शकतं, हे मुलांना गणितातूनच उमगेल.