तळघर दोन फूट खोल केलं तर काय बिघडतं?

चाकण, भोसरी, चिंचवडगाव अशा जुन्या गावठाणांत तळघर असलेलं एखादं घर अजून दिसतं. उंची जेमतेम साडेपाच फूट, वाकूनच वावरायचं. मग मालकाच्या मनात येतं, भिंतीला हात न लावता मधली जमीन तेवढी दोन फूट खणू. माझा विषय मातीची ताकद, त्यामुळे नातेवाईक हे मला हमखास विचारतात.

उत्तर थोडं अनपेक्षित आहे. भिंत फक्त खालच्या मातीवर उभी नसते, शेजारच्या मातीच्या जोरावरही उभी असते.

ओल्या वाळूत टाच जोरात दाबून बघा. टाच रुतते आणि बाजूची वाळू फुगून वर येते. पाया खचतो तेव्हाही माती अशीच बाजूने वर निसटायला बघते. तिला अडवतं ते शेजारच्या मातीचं वजन. कार्ल टेर्झागी यांच्या १९४३ च्या पुस्तकातल्या धारणक्षमतेच्या सूत्रात या वजनासाठी स्वतंत्र पद आहे. आपल्या आयएस ६४०३ मानकात ३० अंश घर्षणकोनाच्या मातीसाठी त्याचा गुणक सुमारे १८ आहे. आता हिशोब करा: दोन फूट मुरूम म्हणजे चौरस मीटरला साधारण एक टन. तो उचलून बाहेर टाकला की पायाची अंतिम क्षमता चौरस मीटरला १७-१८ टनांनी घटते. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला माती तशीच आहे, हे खरं. पण माती निसटते ती कमजोर बाजूने, म्हणजे तुमच्या तळघरात.

आणि खणणं पायाच्या तळाखाली गेलं तर हिशोबाची गरजच उरत नाही. १६६० मध्ये शायिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाच्या बुरुजाखाली भुयार खणून दारूने तो उडवला, हे आपल्याला माहीत असतं. युरोपात त्याआधी दारूशिवायही भागायचं. तटाखाली खणायचं, लाकडी टेकू द्यायचे आणि शेवटी ते जाळून टाकायचे. इंग्लंडमध्ये रॉचेस्टरच्या किल्ल्याचा कोपरा १२१५ मध्ये असाच पाडला. टेकूंवर भरवसा ठेवणाऱ्या ठेकेदारांना मी हा किस्सा आवर्जून सांगते.

मग तळघर खोल करायचंच नाही का? करता येतं. या पद्धतीला अंडरपिनिंग म्हणतात, आणि ती कंटाळा येईल इतकी सावकाश चालते. भिंतीची साधारण एक-एक मीटरची लांबी पाडायची, शेजारशेजारच्या दोन लांब्या कधीच एकत्र खणायच्या नाहीत. एका लांबीखाली खणायचं, काँक्रीट भरायचं, ते घट्ट झालं की वरच्या फटीत जवळजवळ कोरडं सिमेंट-वाळूचं मिश्रण ठासायचं. ही ठासणी नीट झाली नाही तर भिंत त्या फटीएवढी खाली बसते. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत तर खालचे दगड सुटून पडतात, तिथे हे काम आणखी जोखमीचं. खड्डा दीड मीटरहून खोल गेला तर बाजूंना आधार हवाच. आत उतरलेल्या मजुरावर दरड कोसळली तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

शिवाय बाजूचा दाब. मातीचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो, म्हणून साडेपाचाचे साडेसात फूट केले की तो पावणेदोन पटीहून जास्त होतो. बाहेर काळी माती असेल तर पावसात ती फुगते, ते वेगळंच.

पाण्याचं गणित सोपं आहे, तरी तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या फरशीचं वजन चौरस मीटरला सुमारे ३६० किलो. फरशीच्या तळापासून ३६ सेंटिमीटर वर पाण्याची पातळी आली की तेवढाच जोर खालून वर लागतो. त्यापुढे फरशी तडकते, नाहीतर उचलली जाते.

गावठाणात भिंत अनेकदा सामाईक असते, म्हणजे हा प्रयोग शेजाऱ्याच्या घरावरही होतो. महापालिकेची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर तर लागणारच. त्याआधी इंजिनिअरच्या देखरेखीखाली भिंतीलगत एक छोटा खड्डा घेऊन पाया नेमका कुठे संपतो ते बघा. आणि जवळच्या विहिरीतलं पाणी मे महिन्यात नको, सप्टेंबरमध्ये मोजा.