गाठीला प्राणवायू का हवा?

आमचे मामू सोलापुरात सूत रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होते. घशाच्या कर्करोगासाठी त्यांना किरणोपचार सुरू झाले, म्हणजे लोक ज्याला ‘लाइट देणं’ म्हणतात ते, तेव्हा त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. यंत्राखालचं काम काही मिनिटांचं, बाहेर बसणं तासाचं. सुटका झाली की मामू आवारातल्या लिंबाखाली उभे राहून बिडी पेटवायचे. मी कुरकुर केली की म्हणायचे, “बेटा, व्हायचं ते झालं. आता बिडीनं आणखी काय बिघडणार आहे?”

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पुढे वाचत गेलो, दोन-तीन डॉक्टर मित्रांना छळलं, तेव्हा कळलं की उत्तर होतं आणि ते प्राणवायूत होतं.

कर्करोगाची गाठ बेशिस्त वाढते. निरोगी अवयवात रक्तवाहिन्यांचं जाळं नीट विणलेलं असतं. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या, मध्येच बंद पडणाऱ्या. रक्तातून आलेला प्राणवायू वाटेतल्या पेशीच वापरून टाकतात. १९५५ साली इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी फुफ्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रक्तपुरवठ्यालगतच्या पेशी जिवंत होत्या, साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर पलीकडे मेलेल्या पेशींचा गाळ. या दोहोंच्या सीमेवर प्राणवायू जेमतेम पोचतो. तिथल्या पेशी मेलेल्या नसतात, पण त्यांचा दम कोंडलेला असतो. ‘दम’ हा शब्द फारसीतला, तिकडे त्याचा अर्थ श्वास. मराठीत ‘दम धरा’ म्हणताना त्याचा धीर झाला. या पेशींकडे श्वास नसतो, धीर मात्र जबर असतो.

आपल्याला वाटेल, अर्धमेल्या पेशी किरणांनी आधी मरतील. होतं नेमकं उलट. किरण पेशीत शिरतात तेव्हा तिथल्या पाण्याच्या रेणूंचे तुकडे होतात. हे तुकडे अतिशय चळवळे. ते पेशीच्या डीएनएला, म्हणजे तिच्या वंशसूत्राला, जखम करतात. ही जखम सुरुवातीला कच्ची असते. मामूंच्या कारखान्यातला कच्चा रंग धुतला की उतरतो, तशी पेशीतली गंधकयुक्त द्रव्यं ती जखम पुसून टाकू शकतात. पण तिथे प्राणवायू हजर असेल तर तो जखमेला चिकटतो आणि रंग पक्का होतो. हा सगळा मामला सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो. म्हणून प्राणवायू किरण पडताना तिथे हवा. नंतर येऊन उपयोग नाही.

याचा सुगावा फार जुना आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर गॉटवाल्ड श्वार्त्झ यांनी १९०९ साली पाहिलं, की रेडियमचं उपकरण कातडीवर दाबून धरलं तर तिथली कातडी कमी भाजते. दाबामुळे रक्त हटतं, म्हणून. पुढे १९५३ मध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट उपचाराशी जोडली. किरणमात्रा आज ज्या ‘ग्रे’ एककात मोजतात, ते याच ग्रे यांच्या नावाचं. प्राणवायू नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते. मग तिप्पट का देत नाहीत? कारण शेजारच्या निरोगी पेशींना प्राणवायू भरपूर मिळत असतो. आधी जळतील त्या.

घशाच्या गाठीला ७० ग्रे द्यायचे तर ते एकदम न देता रोज २ ग्रे असे ३५ वेळा देण्याची पद्धत आहे. निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो, हे एक कारण. दुसरं कारण मला अधिक विलक्षण वाटतं. आज वाहिनीजवळच्या पेशी मेल्या की प्राणवायू खाणारी तोंडं कमी होतात, तो आत झिरपतो, आणि काल दम कोंडलेली पेशी उद्याच्या किरणांच्या तावडीत येते. मध्ये खाडे पडून उपचार लांबले, तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला फुरसत मिळते. मामूंनी ईदला दोन दिवस दांडी मारली होती. डॉक्टर का एवढे संतापले, ते आम्हा दोघांना तेव्हा उमगलं नाही.

गाठीत प्राणवायू घालण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. लंडनमध्ये १९५०च्या दशकात रुग्णाला पोलादी टाकीत झोपवून दाबाखाली प्राणवायू देत आणि वरून किरण सोडत. गुण काहींना आला, पण ते नित्याचं होण्यासारखं नव्हतं. डेन्मार्कमध्ये निमोराझोल नावाचं औषध प्राणवायूचं सोंग घेण्यासाठी वापरात आलं. इतरत्र मात्र त्याचा तेवढा फायदा दिसला नाही. ब्रिटनमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगात किरणांच्या वेळी प्राणवायूत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळून हुंगवला आणि जोडीला निकोटिनामाइड दिलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत तीन वर्षांनी ५९ टक्के रुग्ण हयात होते. नुसते किरण घेतलेल्यांपैकी ४६ टक्के.

प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. आपल्याकडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी येणाऱ्या कितीतरी बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी असतं, म्हणून डॉक्टर उपचारात पुन्हा पुन्हा रक्त तपासायला सांगतात. ‘किती वेळा सुई टोचणार’ म्हणून कंटाळू नये. मात्र रक्त वाढवणारं कुठलंही इंजेक्शन आपल्या मनानं घेऊ नये. २००३ मध्ये जर्मन डॉक्टरांनी तोंड-घशाच्या रुग्णांना एरिथ्रोपोएटिन देऊन पाहिलं; हिमोग्लोबिन वाढलं, पण गाठी आटोक्यात राहण्याचं प्रमाण घटलं.

आता बिडी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो आणि त्याची जागा अडवून बसतो. कॅनडातल्या १९९३च्या एका अभ्यासात उपचार चालू असताना धूम्रपान न सोडणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण गेली. न ओढणाऱ्यांत हेच प्रमाण ७४ टक्के होतं. ज्यांना बिडी सुटतच नाही त्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये, आणि घरच्यांनीही त्यांना फक्त रागावून भागत नाही हे ध्यानात घ्यावं. मी फक्त रागावलो होतो.

मामूंची गाठ गेली आणि दीड वर्षानं तिथेच परतली. ते बिडीनंच झालं असं मी म्हणणार नाही. एका माणसाबाबत असा हिशेब मांडता येत नाही. पण लिंबाखाली मला हे कच्च्या-पक्क्या रंगाच्या भाषेत सांगता आलं असतं, तर मामूंना ते माझ्याआधी कळलं असतं.