राहीबाईंचे गावठी बियाणे आणि भाजीतील विष

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी, औषधे फवारलेल्या भाज्यांमुळे आपला नातू आजारी पडतो अशी खात्री पटल्यावर, गावठी वाणांचे बियाणे जतन करण्याचे जे कार्य आरंभले, त्यास २०२० साली पद्मश्रीचा सन्मान लाभला. त्यांची धारणा निराधार नव्हे. मोनोक्रोटोफॉससारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जातंतूंचे कार्य नियमित राखणाऱ्या विकरास निष्प्रभ करतात. शिवाय मोनोक्रोटोफॉस वनस्पतीच्या अंतर्भागात भिनत असल्याने भाजी कितीही धुतली तरी त्याचा समूळ निचरा होत नाही. भाजीपाल्यावर त्याच्या वापरास सरकारी मनाई आहे; त्या हुकुमाची खरी अंमलबजावणी मात्र बांधावरच व्हावयाची. शेतकरी बंधूंनी डब्यावरील पिकाचे नाव आणि फवारणी व काढणी यांमधील दिवस वाचल्याखेरीज पंपास हात लावू नये.